कपाळावरची बंदूक

मार्च २०२१ मधली गोष्ट. पुण्यातल्या आमच्या वस्तीतल्या एक मावशी दुपारी एकच्या सुमाराला सोसायटीच्या गेटवर पोचल्या. वय एक्कावन्न. चार घरची धुणीभांडी, त्यातल्या एका घरचा स्वयंपाकही. शेअर रिक्षात दाटीने बसायची भीती आणि पैशांचीही चणचण, म्हणून भर उन्हात चाळीस मिनिटं चालत आलेल्या. डोक्यावर पदर. वॉचमनने टेबलावरची थर्मल गन उचलली, त्यांच्या कपाळासमोर धरली. आकडा आला १००.२. "मावशी, आज आत नाही सोडता येणार."

"मला ताप नाही रे बाबा," मावशी म्हणाल्या. "हात लावून बघ."

हात कोण लावणार? तो काळच हात न लावण्याचा होता. चारही घरी इंटरकॉमवरून कळवलं गेलं आणि चारही घरांनी एकच निरोप दिला : पंधरा दिवस येऊ नका, रिपोर्ट घेऊनच या. रिपोर्ट तिसऱ्या दिवशी आला, निगेटिव्ह. पण पंधरा दिवस म्हणजे पंधरा दिवस. तेवढ्यात दोन घरांनी दुसरी बाई लावली, तिसऱ्याने भांडी घासायचं मशीन घेतलं. मावशींच्या हातात एक घर उरलं.

दुसऱ्याच दिवशी मी त्या गेटवर गेले होते. मावशींना आत जायचं नव्हतंच, त्या बाहेर उभ्या राहायला तयार झाल्या. मी भांडायच्या तयारीने गेले होते, हे कबूल करते. पण भांडणार कुणाशी? वॉचमन बीडकडचा पोरगा, ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचा. बारा तासांची ड्यूटी. "मॅडम, सेक्रेटरीसाहेबांनी सांगितलंय, नव्व्याण्णवच्या वर गेलं की सोडायचं नाही. बाकी मला काय कळतंय?" गनबरोबर माहितीचा कागद आला असेल ना? "खोक्यात असंल. खोकं ऑफिसात." गन दिवसभर टेबलावर पडलेली आणि टेबल उन्हात. मी ती उचलली तर चटका बसावा इतकी तापलेली. स्वतःच्या कपाळासमोर धरली : ९९.९. मग आम्ही तिघं पार्किंगच्या सावलीत गेलो, गनही तिथेच ठेवली. पाव तास गप्पा मारल्या, कपाळं पुसून कोरडी केली आणि पुन्हा बघितलं. माझं ९७.८, वॉचमनचं ९७.६, मावशींचं ९७.४.

मावशी एवढंच म्हणाल्या, "म्हणजे काल त्यानं ऊनच मोजलं म्हणा की."

वॉचमनने मग आपणहून रजिस्टर दाखवलं. मी डिसेंबर-जानेवारीची पानं उलटली. सकाळी साडेसहा-सातला येणाऱ्या कामवाल्या, पेपरवाला, गाड्या धुणारा. ९३.६, ९४.१, ९३.९. पानंच्या पानं अशी. मैत्रिणींनो, ज्या माणसाचं अंग खरोखर ९५ च्या खाली उतरलंय त्याला दवाखान्यात न्यावं लागतं. इथे या चौऱ्याण्णववाल्या बायका आत जाऊन गार पाण्यात हात घालून भांडी घासत होत्या आणि सहा महिने कुणाला शंकाही आली नाही. आकडा कमी आला तेव्हा यंत्राकडे कुणी बघितलं नाही, जास्त आला तेव्हा मात्र ते देववाणी झालं. आणखी एक. रजिस्टरमध्ये फ्लॅटवाल्यांसाठी रकाना नव्हता. गाडीतून कुणी पाहुणा आला तर वॉचमन बंद काचेवरच गन धरायचा, काच खाली करा म्हणायची त्याची हिंमत नव्हती. साध्या काचेतून हे किरण आरपार जात नाहीत. म्हणजे त्याने मोजली ती एसीने गार झालेली काच.

आता इतक्या वर्षांनी हे का उकरून काढते, असं कुणी विचारेल. गेटवरच्या त्या गन आता गेल्या. पण फेकून कुणी दिल्या नाहीत. त्या घराघरांतल्या खणांत गेल्या, पाळणाघरांत गेल्या, शाळेच्या ऑफिसात, दवाखान्यातल्या पहिल्या टेबलावर. मी ज्या घरांत जाते तिथे लेकरू किरकिर करायला लागलं की आई आता कपाळाला हात लावायच्या आधी गन शोधते. वापर सुरूच आहे, फक्त शिकवणारं कुणी आलेलं नाही.

यंत्र काय करतं ते आधी नीट समजून घेऊ. तापलेल्या तव्याजवळ हात नेला तर न शिवताच धग लागते. त्या धगेत डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, त्यांना इन्फ्रारेड किंवा अवरक्त म्हणतात. असे किरण आपल्या कातडीतूनही सतत बाहेर पडत असतात. गनच्या तोंडाशी असलेली भिंग ते किरण गोळा करते आणि आतला भाग त्यावरून आकडा काढतो. गन आपल्या अंगात काही सोडत नाही, फक्त आपल्यातून येणारं घेते. २०२० मध्ये एक अफवा पसरली होती की कपाळावर गन धरली की मेंदूला इजा होते. त्या भीतीने माणसं मनगट पुढे करू लागली आणि वॉचमनही मनगट मोजू लागले. भीती खोटी होती, पण मनगटाने नुकसान मात्र खरं केलं. कारण कपाळाची कातडी अंगाच्या आतल्यापेक्षा थंडच असते, म्हणून यंत्र कपाळावरच्या आकड्यात ठरलेल्या हिशेबाने भर घालून "अंगाचा ताप" दाखवतं. तो हिशेब कपाळाचा आहे. मनगट त्याहून गार, शिवाय दर माणसागणिक वेगळं. तिथे तो हिशेब लागूच होत नाही.

बऱ्याच गनमध्ये दोन प्रकार असतात : एक अंगासाठी, एक वस्तूच्या पृष्ठभागासाठी. बटण चुकून दाबलं गेलं की दुसऱ्याच प्रकारात मोजणी सुरू होते आणि धडधाकट माणूस ९२-९३ चा निघतो. दुधाची बाटली किंवा आंघोळीचं पाणी बघायला हा प्रकार ठीक, माणसाला नाही. त्या टंचाईच्या दिवसांत आमच्या पाहण्यात तर कारखान्यात मशिनं आणि पाइप तपासायच्या गनही आल्या. त्यातून लाल ठिपका पडतो. तो लेझरचा ठिपका ताप मोजत नाही, नुसता नेम दाखवतो, पण डोळ्यात गेला तर इजा करू शकतो. लाल ठिपका पडणारी गन माणसाच्या तोंडासमोर धरू नये, लेकराच्या तर नाहीच नाही.

इथे माझीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी वॉचमनला शिकवणारी शहाणी ठरेन. एप्रिल २०२० मध्ये आम्ही वस्तीत धान्याची पाकिटं वाटत होतो. कुणीतरी आमच्या गटाला एक गन भेट दिली होती. ती माझ्या हातात आली, कारण मी एम.एस.डब्ल्यू. शिकलेली ताई. उन्हातल्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांच्या कपाळावर मी ती धरत गेले आणि दोघींना "तुम्ही बाजूला व्हा" म्हटलं. त्यांची पाकिटं आम्ही संध्याकाळी घरपोच केली, पण रांगेतून बाजूला काढल्याची बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. एकीच्या घरमालकाने खोली सोडायला सांगितलं. ते प्रकरण मिटवायला आम्हाला आठ दिवस लागले. माहितीचा कागद मी वाचला नव्हता. समाजकार्याच्या दोन वर्षांत मला मुलाखत कशी घ्यावी, नोंदी कशा ठेवाव्या, समोरच्याचा मान कसा राखावा, सगळं शिकवलं होतं. पण यंत्र हातात आलं आणि मी बाईचं ऐकायचं सोडून आकडा ऐकला.

अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गनबद्दल काही सूचना दिल्या होत्या. मोजायची जागा वाऱ्याच्या झोताबाहेर आणि उन्हापासून दूर हवी, हवेचं तापमान १६ ते ४० अंश सेल्सियसमध्ये आणि दमटपणा ८५ टक्क्यांच्या खाली हवा, आणि यंत्र वापरण्यापूर्वी त्याच जागी १० ते ३० मिनिटं ठेवलेलं हवं. सूचना योग्यच आहेत. पण एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत चाळीसच्या खालची हवा आणायची कुठून? आणि जुलैत रत्नागिरीला किंवा पणजीला दमटपणा ८५ च्या खाली आणायचा कसा? यंत्र ज्या खोलीसाठी बनलं ती आमच्या बायकांची खोली नाही, हे आधीच धरून चालावं. मग करायचं काय? जागा बदलायची. झाडाखाली, जिन्याखाली, समाजमंदिरात, पंख्याच्या झोताबाहेर. वेळ बदलायची, सकाळ किंवा संध्याकाळ. आणि बाईला बसू द्यायचं. चालून आलेली, चुलीपुढून उठलेली, नुकती न्हालेली, कुणीही असो, पाव तास बसल्याशिवाय तिचं कपाळ तिचं स्वतःचं नसतं.

कपाळावर काय असतं याचा यंत्र बनवणाऱ्याने विचार केला असेल असं वाटत नाही. आमच्याकडे कपाळाच्या बरोबर मध्ये टिकली असते, मोठं कुंकू असतं, तेल असतं, डोकेदुखीचा बाम असतो. गन टिकलीवर धरली तर टिकलीच मोजते. टिकली काढायला लावायची गरज नाही, नेम जरा वर किंवा बाजूला धरावा. बाम चोळलेला असेल तर पुसून थोडं थांबावं. घाम असेल तर टिपावा, कारण सुकणारा घाम कातडी गार करतो आणि ताप असलेली बाईही "नॉर्मल" निघते. पदर, स्कार्फ, हिजाब यांखाली कपाळ झाकलेलं असेल तर तेही खोटं गरम निघतं, ते मोकळं करून काही मिनिटं जाऊ द्यावी लागतात. पण गेटवर, चार पुरुषांसमोर, पोरगेल्या वॉचमनने "डोकं उघडा" म्हणायचं? हे आम्ही ऐकलं आहे. आडोसा आणि मोजायला एक बाई, एवढं जमत नसेल तर त्या ठिकाणी मोजूच नये, असं माझं मत आहे.

आता बाईच्या अंगाबद्दल. ९८.६ हा आकडा आपण शाळेत पाठ केला. तो कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरांच्या १८६८ च्या ग्रंथातून आला, आणि त्यांची मोजणी काखेतली होती. बायकांचं अंग पुरुषांपेक्षा किंचित गरम असतं, हे त्यांनीही नोंदवलं होतं. १९९२ मध्ये अमेरिकेत १४८ निरोगी स्त्रीपुरुषांचं तापमान पुन्हा तपासलं गेलं तेव्हा सरासरी ९८.२ भरली, आणि तिथेही बायका थोड्या वरच. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंत अंगाचं तापमान अर्धा ते एक अंश फॅरेनहाइटने वर राहतं. पाळी जाण्याच्या वयात अचानक अंगातून वाफा येतात, चेहरा आणि मान लाल होते, कातडी तापते. गेटवरच्या मावशी एक्कावन्नच्या होत्या. त्यांना महिनाभर दिवसातून चार-पाच वेळा असं होत होतं, आणि हे त्यांनी मला सांगितलं ते सगळं होऊन गेल्यावर, दबक्या आवाजात. वॉचमनला त्या हे सांगणार होत्या काय? नव्व्याण्णवची रेघ ज्याने कुणी ओढली त्याच्या डोक्यात असं काही असण्याची शक्यताच नव्हती. सर्वसाधारणपणे ताप म्हणतात तो १००.४ च्या पुढे, म्हणजे ३८ अंश सेल्सियस.

आणि एवढं करूनही ती गन करोना पकडत नव्हतीच. लागण झालेल्या कित्येकांना ताप येतच नसे. ज्याला ताप होता त्याने पॅरासिटामॉल घेतली की तो तासाभरात गेटमधून आत. ज्या बायकांचा एक दिवस बुडाला तर घरात चूल पेटायची नाही, त्यांनी गोळी घेऊन यावं हेच या रेघेने शिकवलं. मी त्यांना दोष देणार नाही.

ज्या प्रसंगामुळे मी लिहायला बसले तो मात्र गेटवरचा नाही. दोन वर्षांपूर्वीची थंडी, जानेवारी. वस्तीतली एक बाळंतीण, पहिलटकरीण, वीस वर्षांची. बाळ सात दिवसांचं, वजन दोन किलोच्या जरा खाली. सकाळपासून बाळ अंगावर ओढत नव्हतं. आजी म्हणत होती, पाय गार लागतात गं. घरातल्या दादाने गन आणली, बाळाच्या कपाळासमोर धरली. आकडा आलाच नाही, इंग्रजीत 'लो' अशी अक्षरं आली. पुन्हा धरली, पुन्हा लो. सगळ्यांनी ठरवलं की सेल संपले. दादा सेल आणायला गेला, दुकान बंद होतं, दुसऱ्या दुकानात गेला. पाऊण तास गेला.

तेवढ्यात आशाताई आल्या. त्यांची सातव्या दिवसाची भेट होती. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचं असतं, आणि त्यांच्या पिशवीत वजनकाटा, घड्याळ आणि साधा डिजिटल थर्मामीटर असतो. त्यांनी तो बाळाच्या काखेत धरला, वाजेपर्यंत थांबल्या. ३५.१ अंश सेल्सियस. नवजात बाळाचं ३६.५ ते ३७.५ असायला हवं, फॅरेनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५. सेल धड होते. यंत्र सांगत होतं की कपाळ माझ्या मोजपट्टीच्याही खाली गेलंय. सेल संपल्याची खूण वेगळी असते आणि तापमान पट्टीखाली गेल्याची वेगळी, पण ते त्या कागदात लिहिलेलं, आणि कागद इंग्रजीत.

आशाताईंनी बाळाला उघडं करून आईच्या उघड्या छातीशी बांधलं, वरून घोंगडी, डोक्याला टोपडं, आणि तशाच रिक्षात बसवून दवाखान्यात नेलं. बाळाला जंतुसंसर्ग निघाला. अकरा दिवसांनी घरी आलं. आता अंगणात पळतं.

लहान बाळात ताप चढणं जितकं वाईट तितकंच अंग गार पडणं वाईट, आणि दूध न ओढणं ही तर त्याहून मोठी खूण. आजीचा हात बरोबर सांगत होता. महिन्याच्या आतल्या बाळाला गनने बघून निश्चिंत होऊ नका, काखेतला थर्मामीटर घ्या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ भरला तर रात्र असली तरी डॉक्टरकडे न्या. आणि बाळ ओढत नसेल, मलूल पडलं असेल, तर आकडा काहीही येवो, न्याच. मोठ्यांतही तेच. उन्हात काम करताना बाई असंबद्ध बोलायला लागली, कोसळली, तर गन शोधत बसू नका. उष्माघातात घामेजलेलं कपाळ फसवं असतं. सावली, पाणी मारणं, वारा घालणं आणि दवाखाना.

आमच्या आशाताईंना गन मिळाली होती ती सप्टेंबर २०२० मध्ये, "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" या मोहिमेत. (कुटुंबाची जबाबदारी म्हटलं की ती कुणाच्या अंगावर पडते हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको.) घरोघर जायचं, गनने ताप आणि बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायचा. शिकवलं किती? त्यांच्याच शब्दांत, "बटण कुठलं ते दाखवलं." चूक झाली की लोकांचे बोल त्यांनीच खाल्ले. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा मागण्या मानधनाच्या होत्या, आणि त्या रास्तच होत्या. पण चांगलं शिकवा ही मागणीही मानधनाइतकीच हक्काची आहे, असं मला त्यांच्याशी बोलताना वाटत राहिलं. शिकवलं तर काय होतं ते गडचिरोलीने केव्हाच दाखवलंय. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली : तापमान, वजन, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करणं. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले होते. त्या बायकांच्या हातात महागडी यंत्रं नव्हती. शिकवणारं मात्र कुणीतरी नेटाने, पुन्हा पुन्हा शिकवत होतं.

आमच्या गटातच यावर वाद झाला, तोही सांगते. एक जुन्या कार्यकर्त्या म्हणाल्या, "बायकांच्या अंगावर बंदूक धरणाऱ्या व्यवस्थेला आपण नेम धरायला शिकवायचं? तपासणीलाच विरोध करायला हवा." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कामवालीला तपासायचं आणि मालकिणीला नाही, ही तपासणी नव्हे, ती नुसती पायरी दाखवणं. तरी मला त्यांचं पटलं नाही. ज्यांनी ऐंशीच्या आणि नव्वदीच्या दशकांत गावोगाव आरोग्य शिबिरं घेऊन बायकांना स्वतःचं शरीर बघायला शिकवलं, त्यांनी डॉक्टरांची उपकरणं नाकारली नव्हती, ती आपल्या हातात घेतली होती. आपल्यावर धरलेलं यंत्र काय मोजतं आणि काय मोजत नाही हे जिला ठाऊक आहे ती गेटवर दोन वाक्यं जास्त बोलू शकते. मावशी त्या दिवशी "मला ताप नाही" एवढंच बोलू शकल्या होत्या.

म्हणून मागच्या वर्षी आम्ही बचत गटाच्या बैठकीत एक गन आणि तीन डिजिटल थर्मामीटर ठेवले आणि बायकांना म्हटलं, खेळा. एकीने चुलीपुढून उठून लगेच मोजलं, एकीने ओल्या केसांनी, एकीने टिकलीवर आणि टिकलीशेजारी. एकच बाई पाच मिनिटांत ९५.९ पासून ९९.७ पर्यंत फिरून आली आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मग शांतपणे बसून एकेक ठरवलं. बटण अंगाच्या प्रकारावर आहे ना. गन कपाळाच्या मध्याशी सरळ, तिरकी नाही. अंतर कागदात लिहिलेलं तेच, आमच्या गनला तीन ते पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-तीन बोटं. हात हलू द्यायचा नाही. थोड्या थोड्या वेळाने तीनदा बघायचं, तिन्ही आकडे जवळपास आले तर धरायचे. भिंगेला बोट लावायचं नाही, धुरकट झाली तर कापसावर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने पुसायची आणि पूर्ण सुकू द्यायची. मळकी भिंग कमी आकडा दाखवते. आणि शंका आली की काख : कोरडी पुसून, थर्मामीटर आत, दंड छातीशी घट्ट, वाजेपर्यंत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक अंश फॅरेनहाइटने कमी येतो, तेवढं लक्षात ठेवायचं. हे सगळं आम्ही एका पानावर मराठीत उतरवलं. पुढच्या बैठकीला तो वॉचमन आपणहून आला होता, आता तो दुसऱ्या इमारतीवर आहे. त्याने एक प्रत मागून घेतली.

त्या बैठकीत बायकांनी स्वतः एक मागणी लिहून काढली. कामाच्या ठिकाणी ताप बघायचाच असेल तर सगळ्यांचा बघा, फ्लॅटवाल्यांचाही. आकडा जास्त आला तर सावलीत बसवून पाव तासाने पुन्हा बघा आणि मग काखेत बघा. तरीही परत पाठवलं तर आकडा आणि वेळ लिहून चिठ्ठी द्या, आणि त्या दिवसाचा पगार कापू नका. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ चा आहे, पण आजारपणाची भरपगारी रजा हा हक्क घरकामगार बाईच्या हातात अजून पडलेला नाही. गेटवरच्या आकड्याला इतकी धार आली ती त्यामुळे. ज्या बाईला रजा असते तिला १००.२ म्हणजे एक दिवस विश्रांती. मावशींना १००.२ म्हणजे तीन घरं.

मागणीचं पत्र आम्ही सहा सोसायट्यांना दिलं. दोघांनी पोच दिली, एका ठिकाणच्या अध्यक्षबाईंनी बोलावून चर्चा केली आणि रजेचा मुद्दा सोडून बाकी मान्य आहे म्हणाल्या. उरलेल्या तिघांकडून काहीच नाही, त्यात मावशींची सोसायटीही आहे. मावशी आता दुसरीकडे दोन घरी स्वयंपाक करतात. त्यांच्या कापडी पिशवीत रुमालात गुंडाळलेला डिजिटल थर्मामीटर असतो, बचत गटातून घेतलेला. ज्या गटांना मराठी पानाच्या प्रती हव्या असतील त्यांनी मासिकाकडे कळवावं. छपाईचे पैसे संपले आहेत, तेव्हा झेरॉक्स चालत असेल तर सांगा.